गुडघ्याची देखरेख

मिस्त्रींचा उजवा गुडघा फार सभ्य होता. घरी, दारी, कामावर तो वाटेल तसा वागायचा, पण डॉक्टरांच्या खोलीत शिरला रे शिरला, की हाताची घडी घालून बसलेल्या वर्गासारखा गप्प. सूज नाही, कुरकुर नाही. डॉक्टरांनी वाकवला की वाकायचा, सरळ केला की सरळ व्हायचा. मिस्त्री तपासणीच्या टेबलावर उताणे पडून त्याच्याकडे बघत आणि मनातल्या मनात म्हणत, लेका, काल न्हाणीघरात अंगात आलं होतं, ते आत्ता कुठे गेलं?

मिस्त्री फरश्या बसवायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरात गुडघ्यांवर काढली होती. त्यांनी बसवलेल्या जमिनीवर गोटी ठेवली तर ती बिचारी जागच्या जागी विचार करत बसे, आणि त्यांच्या न्हाणीघरात ओतलेलं पाणी कुणी न सांगता जाळीकडे चालू लागे. या दोन गोष्टींचा त्यांना इतका गर्व होता, की पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तरी आधी जमीन बघत आणि मग माणसं. बायको म्हणायची, लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी मला नंतर पाहिलं. मिस्त्री हे नाकारत नसत. सासऱ्यांच्या ओसरीची एक फरशी खरंच खचलेली होती.

गुडघ्याचं दुखणं सुरू झालं ते अगदी फालतू कारणानं. फरश्यांचं खोकं उचलून ते उंबऱ्यावरून आत जात होते. पायाखालची फळी सरकली, अंग वळलं आणि गुडघा मात्र होता तिथेच राहिला. आत कुठेतरी कट् असं झालं. बरोबर काम करणारा जोडीदार, ज्याला सगळे नाना म्हणत, त्यानं विचारलं, "काय झालं?" मिस्त्री म्हणाले, "खोकं वाचलं." आणि खरोखरच एकही फरशी फुटली नव्हती. त्या संध्याकाळी गुडघा पपईएवढा झाला होता, पण फुटलं काहीच नाही या आनंदात ते झोपी गेले.

सूज उतरली. मग गुडघा अडकायला लागला. म्हणजे असं, की खाली बसून काम करता करता उठायला जावं आणि पाय अर्ध्यातच थांबावा, सरळ म्हणून होऊ नये. दाराच्या फटीत काहीतरी सापडल्यावर दार जसं बंद होत नाही, तसं. मिस्त्रींनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता. बुडावर बसायचं, घोटा दोन्ही हातांनी धरायचा, पाऊल थोडं आत, थोडं बाहेर असं फिरवायचं. केव्हातरी खट् वाजे आणि पाय सुटे. कुणी बघत असेल तर मिस्त्री बुटाची लेस बांधत असल्याचं नाटक करत. कामावर ते चपला घालत, ही गोष्ट वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं असतं तर? तिथेच तर घोडं अडलं होतं.

मिस्त्रींना दुखण्याची भीती नव्हती, सुईची नव्हती, ऑपरेशनचीही फारशी नव्हती. भीती होती ती एका वाक्याची. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांना एका डॉक्टरांनी ते वाक्य ऐकवलं होतं: आता गुडघ्यावर बसायचं नाही. उस्ताद घरी आले, खुर्चीत बसले आणि त्या खुर्चीतच म्हातारे झाले. मिस्त्री भेटायला जात तेव्हा ते खुर्चीतून पायानं जमीन चाचपत आणि म्हणत, "इथं जरा वर आलीय बघ." मिस्त्रींना ते बघवत नसे. आपल्याला कुणी ते वाक्य ऐकवू नये, बाकी काहीही ऐकवावं, एवढीच त्यांची देवाकडे आणि वैद्यकशास्त्राकडे मागणी होती.

म्हणून त्यांनी एक अक्कलहुशारी केली. डॉक्टरांकडे जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत, नखांतलं सिमेंट काडीनं कोरून काढत आणि "काम काय करता?" या प्रश्नाला ऐटीत उत्तर देत, "बांधकामात आहे. देखरेख करतो."

"खाली बसावं लागतं का?"

"क्वचित."

"गुडघा अडकतो का कधी?"

"छे छे. नुसता दुखतो. तोही थोडासा."

बायकोला ते बाहेरच बसवत. "दोघं आत गेलो की डॉक्टरांना वाटतं मोठं दुखणं आहे," असं तिला समजावत. ती बिचारी बाहेर बाकावर बसून आत काय चाललंय याची काळजी करी, आणि आत मिस्त्री डॉक्टरांना ताकास तूर लागू देत नसत.

मग डॉक्टर तरी काय करणार? एकानं सांगितलं, देखरेखीच्या कामात वजन वाढतं, रोज सकाळी चालत जा. दिवसभर सिमेंटची घमेली उचलणारा हा माणूस पहाटे उठून रस्त्यानं हात हलवत चालू लागला आणि कामावर पोचेपर्यंतच गळून जाऊ लागला. दुसऱ्यानं लावायला मलम दिलं आणि गुडघ्याला पट्टा दिला. पट्टा घालून खाली बसता येईना, म्हणून मिस्त्री तो घरी आल्यावर घालत, म्हणजे जेव्हा त्याची गरज नसे तेव्हा. तिसऱ्यानं एक्सरे काढून तो उजेडावर धरला आणि म्हणाला, "हाडं सुरेख आहेत." मेहुण्यानं तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "भाऊजी, फ्रेम करून लावा. चेहऱ्यापेक्षा बरा आलाय."

कळस केला तो एका व्यायामवाल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं बसून बसून झालंय. मधूनमधून खुर्चीतून उठत चला." आयुष्यात ज्याला खुर्ची वाट्याला आली नाही अशा माणसाला हा सल्ला! मिस्त्री बाहेर आले ते चिडूनच. "एकालाही काही कळत नाही," ते बायकोला म्हणाले. "शिकतात काय हे लोक?" बोलता बोलता त्यांनाच मनातून हसू आलं. आपण डॉक्टरांना चुकीचं माप द्यायचं आणि फरशी बसत नाही म्हणून त्यांच्याच नावानं ओरडायचं. पण हसू आलं म्हणून शहाणपण येतंच असं नाही. पुढच्या डॉक्टरकडेही ते इस्त्रीचाच शर्ट घालून गेले.

अशी वर्षं गेली. गुडघा अधूनमधून अडकायचा तो वरचेवर अडकू लागला. मग एक दिवस मिस्त्रींच्या हातून अशी गोष्ट घडली, की या धंद्यात पाऊल टाकणाऱ्यालाही ती ऐकून हसू यावं.

फरशी बसवायची ती आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे, हे कुणीही सांगेल. माणूस मागे मागे सरकत येतो आणि शेवटी दाराबाहेर पडतो. मिस्त्रींना हल्ली गुडघ्यांवर मागे सरकणं जमेना. पुढे सरकणं त्यातल्या त्यात सोपं जायचं. त्या दिवशी नाना सामान आणायला गेला होता आणि स्वयंपाकघरात मिस्त्री एकटेच होते. त्यांनी मनाशी म्हटलं, एक ओळ उलटी लावली तर काय बिघडणार आहे? एक ओळ झाली, मग दुसरी झाली, कामाची लय लागली. लय तुटली तेव्हा मिस्त्री ओट्याखालच्या कोपऱ्यात होते, आणि दारापर्यंत सगळीकडे नुकतीच बसवलेली, ओल्या सिमेंटच्या मसाल्यावरची, पाय ठेवला की खचेल अशी फरशी पसरली होती. वर गुडघा अडकलेला.

नाना आला आणि दारातच उभा राहिला.

"नवी पद्धत आहे," मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाले.

"असेल की," नाना म्हणाला. "बाहेर कसं यायचं, तेपण पद्धतीत असेल ना?"

शेवटी नानानं फळ्या टाकल्या आणि मिस्त्री त्यावरून बुडावर घसरत बाहेर आले. हसून हसून नानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीही हसले. पण फळ्यांच्या भारानं मधल्या दोन फरश्या बसल्या होत्या, आणि त्या नीट करायला खाली बसण्याची मिस्त्रींची त्या दिवशी ताकद नव्हती. नानानं केल्या त्याच्या परीनं. घराची मालकीण राहायला आली आणि पहिल्याच दिवशी तिला तिथे ठेच लागली. ती काही फार बोलली नाही. "इथे जरा वर आलीय वाटतं," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींच्या जमिनीवर माणसाला ठेच लागली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तर पोटाचं कारण सांगितलं. काम जाईल म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून बसलो आणि काम तर हातातून आपणहून निसटायला लागलं, हे त्यांना दिसत होतं. आता चांगल्या डॉक्टरकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. खरं सांगायचं, असं मात्र अजून ठरवलं नव्हतं.

मेहुण्यानं सांध्यांच्या एका मोठ्या डॉक्टरबाईंचं नाव काढलं. पुन्हा इस्त्री, पुन्हा नखं, पुन्हा बायको बाहेर बाकावर. डॉक्टरबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या आणि कमी बोलत होत्या. त्यांनी तेच प्रश्न विचारले, मिस्त्रींनी तीच उत्तरं दिली. गुडघा टेबलावर शहाण्यासारखा वागला. डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. "काहीतरी जुळत नाहीये," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं थोडंसंच दुखतंय, आणि तरी एवढे डॉक्टर केलेत. बसा, मी आलेच." आणि त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

मिस्त्री खुर्चीत येऊन बसले. खुर्ची डुगडुगली. त्यांनी ती थोडी सरकवली, तरी डुगडुगली. आता बाकीची माणसं अशा वेळी खुर्ची बदलतात. मिस्त्रींनी खाली पाहिलं. डॉक्टरबाईंच्या लिहायच्या टेबलाजवळच्या फरशीची एक कड वर आली होती. एवढ्या मोठ्या डॉक्टरच्या खोलीत! ज्यानं कुणी ही बसवली त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडून त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि सवयीनं गुडघ्यावर बसले. फरशी बोटानं वाजवली. बद्द आवाज आला. शेजारची वाजवली, तिसरी वाजवली. वाजवत वाजवत ते टेबलाखाली गेले. खालचा मसालाच नीट पसरलेला नव्हता. समाधानानं मान हलवून ते मागे सरकायला गेले, आणि गुडघा अडकला.

त्यांनी घोटा धरायचा प्रयत्न केला, पण टेबलाखाली तेवढी जागा नव्हती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दार उघडलं. मिस्त्रींना डॉक्टरबाईंची पावलं दिसली, आणि डॉक्टरबाईंना, त्यांच्याच टेबलाखालून बाहेर आलेला, इस्त्रीच्या पँटमधला मिस्त्रींचा मागचा भाग.

"काही शोधताय का?"

"नाही," मिस्त्री टेबलाखालून म्हणाले. "सहज."

"बाहेर या मग."

"येतो. तुम्ही तोवर दुसरा पेशंट बघा."

मग अशी एक गोष्ट झाली, जी आजवर एकाही डॉक्टरच्या खोलीत झाली नव्हती. डॉक्टरबाई सरळ जमिनीवर बसल्या, आणि डोकं वाकवून टेबलाखाली बघू लागल्या.

"अडकलाय ना?"

"थोडासा."

"असा नेहमी अडकतो?"

"छे. आज पहिल्यांदाच," मिस्त्री म्हणाले. चार पायांवर, टेबलाखाली, घामानं निथळत असताना ते हे म्हणाले. माणसाची सवय ही अशी असते.

डॉक्टरबाईंनी उठून दार उघडलं आणि मिस्त्रींच्या बायकोला आत बोलावलं. ती धावतच आली. नवऱ्याचा नुसता मागचा भाग पाहून तिनं आधी देवाचं नाव घेतलं.

"तुमचे मिस्टर काम काय करतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"फरश्या बसवतात. का हो?"

"हे म्हणाले, देखरेख करतात."

"देखरेख?" बायको म्हणाली. "अहो, हे दुसऱ्याच्या हातात साधी थापी देत नाहीत, ते कसली देखरेख करणार? सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर असतात! पायजम्याला गुडघ्यावर ठिगळं लावून लावून माझी बोटं गेली." मग ती खाली वाकली. "अहो, तुम्ही असं सांगितलंत? सगळ्याच डॉक्टरांना?"

कधी नव्हे ते मिस्त्रींना टेबलाखालची जागा बरी वाटू लागली होती.

दोघींनी टेबल उचलून बाजूला केलं. डॉक्टरबाईंनी त्यांना तिथेच जमिनीवर कुशीवर वळवलं, अडकलेला गुडघा दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यानं एका जागी दाबलं. मिस्त्री ओरडले. इतक्या वर्षांत डॉक्टरांसमोर ते प्रथमच ओरडले, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं. मग डॉक्टरबाईंनी पाऊल हळूच फिरवलं, आणि खट् वाजलं.

"हा आवाज मला हवा होता," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा. जे घडलं ते."

आणि मिस्त्रींनी सांगितलं. खोकं, फळी, कट्, घोटा फिरवायची युक्ती, सगळं. तिथेच त्या वर आलेल्या फरशीशेजारी बसून सांगितलं. बायको ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे लक्षण बरं नाही हे मिस्त्रींना अनुभवानं माहीत होतं.

मशीनमधून गुडघ्याच्या आतले फोटो काढले. ते घेऊन दोघं पुन्हा गेले तेव्हा मिस्त्रींनी शर्टाला इस्त्री केली नव्हती. डॉक्टरबाईंनी फोटो दाखवून समजावलं. दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते. ती तेव्हाच, खोकं उचलताना फाटली होती. फाटलेला तुकडा मध्ये येतो आणि गुडघा अडकतो. इतकी वर्षं त्याच्यावरच बसून, त्यालाच चेंगरून, तो तुकडा आता कामातून गेलाय. तो काढून टाकायला लागेल. दुखणं जाईल, अडकणं जाईल, चालाल, जिना चढाल.

"आणि काम?" मिस्त्रींनी विचारलं.

"आतलं हाडही घासलंय. उभ्यानं करायचं काम करा. गुडघ्यावर बसणं मात्र आता नाही."

आलं ते वाक्य. आवाज न चढवता, पंखा बंद करा म्हणावं इतक्या साधेपणानं आलं. मिस्त्रींना वाटलं होतं, ते ऐकताना आपल्याला काहीतरी होईल. काहीच झालं नाही. भिंतींच्या फरश्या उभ्यानं लावता येतात, हा विचारसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेला. भिंती राहिल्या, जमीन गेली.

"मी पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर?" त्यांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण फरशी बद्द वाजते हे कळूनही माणूस ती पुन्हा एकदा वाजवून बघतोच.

"तेव्हा शिवता आली असती बहुतेक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग काही महिने आराम, आणि पुन्हा तुमचं काम."

बाहेर आल्यावर दोघं जिन्याशी उभे राहिले.

"शिवता आली असती म्हणे," मिस्त्री म्हणाले.

"ऐकलं मी."

"काम जाऊ नये म्हणून लपवलं गं मी."

"आणि?"

"आणि म्हणूनच गेलं." ते हसायला लागले. "बघ की, एवढा हुशार माणूस शोधून सापडणार नाही. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही अगदी लेव्हलमध्ये." स्वतःच्या विनोदावर ते हसत राहिले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि भर दवाखान्याच्या जिन्यावर मिस्त्री रडले. येणारीजाणारी माणसं बघत होती. त्यांना वाटलं, आत कुणीतरी गेलं असावं.

बायकोनं त्यांना रडू दिलं. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं.

"मी बाहेर बाकावर बसून काय करत होते माहितीय?" ती म्हणाली. "काहीतरी भयंकर निघालंय आणि हे मला सांगत नाहीत, असं समजून दर वेळी रडत होते. तुम्ही आलात की डोळे पुसून बसायची."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याशिवाय घरात आणखी कुणी काही लपवत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"धरा मला," ती म्हणाली आणि एक पायरी खाली उतरून उभी राहिली.

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, भार टाकला नाही.

"नीट टाका ना भार," ती म्हणाली. "फार दुखतंय का?"

मिस्त्रींच्या जिभेवर "थोडंसं" आलं होतं.

"फार," ते म्हणाले, आणि सगळा भार तिच्यावर टाकून पहिली पायरी उतरले.